उपग्रह आकाशात, कुलूप मात्र जमिनीवर

गडचिरोलीच्या जंगलभागातील व्यापाऱ्यांनी उपग्रह-इंटरनेट घेताना काय पाहावे?

महाराष्ट्र शासनाने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी स्टारलिंक या अमेरिकन कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. जिथे तार जात नाही आणि टॉवर पोचत नाही अशा भागांना उपग्रहामार्फत इंटरनेट द्यावे, हा त्यामागील हेतू. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम या चार जिल्ह्यांचा नावानिशी उल्लेख झाला. इरादापत्र म्हणजे पक्का सौदा नव्हे, हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही. केंद्र सरकारच्या सुरक्षाविषयक मंजुऱ्या, दर, दुरुस्तीची सोय या सर्व गोष्टी त्यापुढच्या आहेत. तथापि दिशा ठरली आहे. आज ना उद्या जंगलातल्या गावातील दुकानाच्या छपरावर छत्री बसेल आणि तिचे तोंड आकाशाकडे असेल.

ही बातमी आनंदाची आहे, यात शंका नाही. गडचिरोलीहून मुरूमगावकडे आणि पुढे छत्तीसगडच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर धानोरा हे तालुक्याचे ठिकाण आहे. भोवताली जंगल. धान, बांबू, तेंदूपत्ता आणि मोहफूल यांवर इथला बाजार चालतो. ज्या दिवशी नेटवर्क नसते त्या दिवशी किराणा दुकानदाराचे पैसे अडकतात, ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावून पैसे काढायला आलेली म्हातारी रिकाम्या हाताने परत जाते आणि मालाचा ट्रक ई-वे बिलासाठी उभा राहतो. म्हणून छत्रीचे स्वागत झालेच पाहिजे. परंतु ज्या दोरीवर आपण पूर्ण भार टाकणार, ती दोरी कोठे तुटू शकते हे आधी पाहून घेणे हेच शहाणपणाचे.

चोर आकाशात चढत नाही

उपग्रहावर सायबर हल्ला म्हटले की सामान्य माणसाला वाटते, कोणीतरी आकाशातील यंत्र पळवून नेणार. प्रत्यक्षात तसे घडत नाही. उपग्रह-सेवेचे तीन भाग असतात. एक, आकाशातील उपग्रह. दोन, कंपनीचे भूस्थानक, म्हणजे जिथून उपग्रहाला आज्ञा जातात आणि जिथे ग्राहकांची नोंद असते. तीन, ग्राहकाच्या छपरावरची छत्री व घरातली पेटी, जिला मोडेम म्हणतात. या तिघांना जोडणारा धागा म्हणजे रेडिओ लहरी.

यापैकी उपग्रह सर्वांत दूर आहे. जुन्या पद्धतीचे दळणवळण उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात, स्टारलिंकचे साधारण साडेपाचशे किलोमीटरवर. त्यांच्यापर्यंत पोचणे अवघड. भूस्थानकातील संगणक आणि ग्राहकाची पेटी मात्र जमिनीवर आहेत, इंटरनेटला जोडलेल्या आहेत आणि माणसांच्या हाती आहेत. जिथे माणूस आहे तिथे गफलत आहे. चोर नेमका तिथूनच शिरतो. आजवरच्या मोठ्या घटना पाहिल्या तर हेच दिसून येते.

एका रात्रीत हजारो पेट्या मुक्या

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. त्याच्या सुमारे एक तास आधी का-सॅट या उपग्रहाची इंटरनेट सेवा कोलमडली. हा उपग्रह व्हायासॅट या अमेरिकन कंपनीचा. हल्लेखोरांनी उपग्रहाला हातही लावला नाही. कंपनीच्या जमिनीवरील व्यवस्थेत दूरवरून प्रवेश करण्याचे एक दार नीट बंद केलेले नव्हते. त्यातून ते आत गेले आणि जी आज्ञा कंपनी स्वतः देते तशीच आज्ञा त्यांनी ग्राहकांच्या पेट्यांना दिली. पेट्यांची स्मरणशक्ती पुसली गेली. युक्रेनमध्ये आणि युरोपच्या इतर देशांत मिळून हजारो मोडेम बंद पडले. कंपनीला सुमारे ३० हजार नव्या पेट्या पाठवाव्या लागल्या. मे २०२२ मध्ये अमेरिका, ब्रिटन व युरोपीय संघ यांनी या हल्ल्याबद्दल रशियाला जबाबदार धरले.

व्यापाऱ्यांनी यातील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. लढाई युक्रेनमध्ये होती, पण जर्मनीतील एनरकॉन कंपनीच्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांवर दूरून देखरेख ठेवणे त्याच दिवशी बंद पडले. चक्क्या फिरत राहिल्या, पण त्यांच्याशी बोलता येईना, कारण त्यांचा संपर्क त्याच उपग्रहावरून होता. ज्यांचा भांडणाशी काडीचा संबंध नाही त्यांचाही धंदा असा अडकतो. उपग्रहाची सेवा हजारो ग्राहक वाटून घेतात, म्हणून तिचे संकटही वाटून येते.

उघडे पोस्टकार्ड

दुसरा धोका मोडतोडीचा नाही, ऐकण्याचा आहे. उपग्रहावरून येणाऱ्या लहरी एका गावापुरत्या येत नाहीत. त्या फार मोठ्या प्रदेशावर पसरतात आणि त्या प्रदेशात छत्री लावून बसलेला कोणीही त्या पकडू शकतो. संदेश सांकेतिक करून पाठवला असेल तर पकडणाऱ्याला काही कळत नाही. उघडा पाठवला असेल तर तो पोस्टकार्डासारखा वाचता येतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाची सॅन दिएगो शाखा आणि मेरीलँड विद्यापीठ यांच्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ८०० डॉलरची, बाजारात सहज मिळणारी सामग्री छपरावर लावून त्यांनी ३९ उपग्रहांच्या लहरी ऐकल्या. जवळपास निम्म्या मार्गांवर त्यांना उघडे संदेश मिळाले. त्यांत मोबाईल कंपनीचे दूरध्वनी व लघुसंदेश होते, मोठ्या दुकानांच्या मालाच्या नोंदी होत्या, लष्करी व सरकारी माहिती होती, तसेच बँकांच्या एटीएमची वाहतूकही होती. दुर्गम भागातील टॉवर आणि एटीएम हेच उपग्रहाचे जुने गिऱ्हाईक, म्हणून त्यांचीच माहिती उघडी सापडली. कळवल्यानंतर काही कंपन्यांनी दुरुस्ती केली.

हा अभ्यास अमेरिकेतून दिसणाऱ्या उपग्रहांचा होता. आपल्याकडील प्रत्येक बँकेची स्थिती तशीच आहे असा अर्थ त्यातून काढू नये. परंतु प्रश्न मात्र आपणही विचारला पाहिजे. तार न पोचलेल्या ठिकाणी शाखा वा एटीएम उपग्रहावर चालते, तेव्हा माहिती सांकेतिक होऊन जाते काय? बँकेच्या ग्राहकाला, सहकारी बँकेच्या सभासदाला तर नक्कीच, हे विचारण्याचा हक्क आहे.

मोठ्यांच्या घरीही चोरी

लहान दुकानदाराची गोष्ट राहू द्या, अवकाश संशोधन करणाऱ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. अमेरिकेच्या नासाची कॅलिफोर्नियात जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी नावाची प्रयोगशाळा आहे. मंगळावर गाड्या पाठवणारी तीच. तिच्या जाळ्यात कोणीतरी रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा, दोन-तीन हजार रुपये किमतीचा संगणक परवानगीशिवाय जोडून ठेवला होता. त्या आडवाटेने हल्लेखोर शिरला आणि सुमारे दहा महिने कोणाच्या ध्यानात न येता आत राहिला. एप्रिल २०१८ मध्ये हा प्रकार उघडकीस आला आणि जून २०१९ मध्ये नासाच्याच महानिरीक्षकांनी अहवालात तो जाहीर केला. अब्जावधींची प्रयोगशाळा, पण नोंदवहीत नसलेली एक पेटी तिला महाग पडली.

आपल्या इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये कोची येथील सायबर सुरक्षा परिषदेत सांगितले होते की, संस्थेवर दररोज शंभराहून अधिक सायबर हल्ल्यांचे प्रयत्न होतात. त्यासाठी इस्रोने भक्कम बंदोबस्त ठेवला आहे. इस्रोकडे त्यासाठी तज्ज्ञ आहेत. धानोऱ्याच्या पेढीवर असा तज्ज्ञ नसतो. तिथे मालकच तज्ज्ञ आणि मालकच पहारेकरी.

महाराष्ट्राच्या वाचकांना पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे प्रकरण आठवत असेल. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत तिचे ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. एटीएममधून पैसे द्यावेत की नाही, याचे उत्तर बँकेच्या मध्यवर्ती व्यवस्थेकडून येते. हल्लेखोरांनी त्या जागी आपला खोटा उत्तर देणारा बसवला. बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून रक्कम निघत गेली. यात उपग्रहाचा संबंध नव्हता, पण धडा तोच आहे. मार्ग तारेचा असो वा आकाशाचा, ‘होय’ म्हणणारा संगणक ज्याच्या ताब्यात गेला, तिजोरी त्याची झाली.

शत्रू नसतानाही बंद

आता जरा मागे वळून पाहू. उपग्रहावर व्यापार करण्याचा आपल्या राज्याचा अनुभव आजचा नाही. १९९४ साली मुंबईत नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सुरू झाले, ते उपग्रहाच्या जोरावर. गावोगावच्या दलालांच्या छपरांवर छत्र्या बसल्या आणि दलाल स्ट्रीटवर पाय न ठेवता सौदे होऊ लागले. त्या काळी ही मोठी क्रांती होती. पुढे जून १९९७ मध्ये सोडलेला इन्सॅट-२डी हा उपग्रह ऑक्टोबरमध्येच वीजपुरवठ्यातील बिघाडाने निकामी झाला आणि शेअर बाजाराचे व्यवहार खोळंबले. छत्र्यांची तोंडे दुसऱ्या उपग्रहाकडे वळवावी लागली. देशाची गरज भागवण्यासाठी अरबसॅट या अरब राष्ट्रांच्या संस्थेकडून आकाशात असलेला उपग्रह घ्यावा लागला. कोणी हल्ला केला नव्हता, यंत्र बिघडले एवढेच.

स्टारलिंकचेही तसेच. २४ जुलै २०२५ रोजी तिची सेवा जगभर सुमारे अडीच तास बंद पडली. कंपनीच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाल्याचे कारण तिनेच दिले. हजारो उपग्रह आकाशात सुखरूप फिरत होते आणि खाली ग्राहकांच्या पेट्या गप्प होत्या. हल्ला असो वा बिघाड, दुकानाच्या गल्ल्यावर परिणाम सारखाच होतो.

तेंदूच्या हंगामाचे गणित

आता हे सारे धानोऱ्याला लावून पाहा. तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यातील थोड्या आठवड्यांचा. पाने तोडायची, पुडे बांधायचे, वाळवायचे आणि पाऊस येण्याआधी माल हलवायचा. अनेक गावांत ग्रामसभा स्वतः लिलाव करतात. ठेकेदाराचे पैसे खात्यावर येतात आणि तेथून पाने तोडणाऱ्यांच्या मजुरीचे वाटप होते. कित्येक घरांचे वर्षाचे नगद पैसे याच दिवसांत हाती येतात.

अशा दिवसांत सारा व्यवहार एकाच छत्रीवर असेल आणि ती दोन दिवस बंद पडली, तर ठेकेदाराचे नुकसान हे वरवरचे नुकसान होय. खरा फटका मजुरी न मिळालेल्या कुटुंबाला बसतो. ते किराणा उधारीवर नेते, दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला थांबवतो आणि घाऊक व्यापारी व्याज लावतो. एका पेटीचा बिघाड असा घरोघरी पोचतो. मजुराची मजुरी ही आपल्या हाती असलेली अमानत आहे. ‘नेट नव्हते’ हे कारण खरे असले तरी त्याने चूल पेटत नाही.

मग करावे काय?

छत्री घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. ती जरूर घ्यावी, पण पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात.

एक : एकाच दोरीवर भार टाकू नये. उपग्रहाची सेवा घेतली तरी मोबाईलचे एखादे जुने सिम चालू ठेवावे. छत्री गडचिरोलीतील एखाद्या टॉवरच्या आड येत नाही, आणि टॉवरला छत्रीची गरज नसेल तर दोन्ही एकदम बंद पडण्याचा संभव कमी. आवाजापुरता सिग्नल असेल तर इंटरनेटशिवायही स्टार ९९ हॅश या सेवेवरून साध्या फोनने पैसे पाठवता येतात. त्याची नोंदणी आणि सराव आधीच करून ठेवावा.

दोन : पेटीचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. कंपनीने वा बसवणाऱ्याने दिलेला शब्द अनेकांना ठाऊक असतो. गिऱ्हाईकाला वायफाय द्यायचेच असेल तर त्यासाठी वेगळे नाव व वेगळा शब्द ठेवावा. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार चालतात त्यावर पोरांचे खेळ आणि सिनेमे नकोत.

तीन : छपरावर कोण चढतो याकडे लक्ष द्यावे. बेल्जियमच्या ल्युवेन विद्यापीठातील संशोधक लेनर्ट वाउटर्स यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये दाखवून दिले की, सुमारे २५ डॉलरच्या सुट्या भागांतून बनवलेली पट्टी जोडून स्टारलिंकच्या छत्रीचा ताबा घेता येतो. कंपनीने त्यानंतर सुधारणा केल्या आणि या पद्धतीने इतर ग्राहकांना धोका नसल्याचे सांगितले. परंतु त्यासाठी छत्री हातात यावी लागते, हा मुद्दा ध्यानात घ्यावा. ओळख न पटलेल्या माणसाकडून छत्री बसवून वा दुरुस्त करून घेऊ नये. परवान्याशिवाय कोणी स्वस्तात छत्री देऊ केली तर तिच्या वाटेला जाऊ नये. पुढे चौकशीला तोंड आपल्याला द्यावे लागेल.

चार : पेटीचे सॉफ्टवेअर वेळोवेळी सुधारले जाते, ते होऊ द्यावे. वीज वाचवण्यासाठी पेटी कायम बंद ठेवली तर ही सुधारणा पोचत नाही.

पाच : रोजचा हिशेब रोज कागदावर उतरवावा. खातेवही हा मागासलेपणा नव्हे. पुडे किती, मजुरी कोणाची किती, उधारी कोणाकडे, याची एक प्रत यंत्राबाहेर असलीच पाहिजे. हंगामात दोन-तीन दिवस पुरेल इतकी रोख रक्कम हाताशी ठेवण्याची व्यवस्था बँकेशी बोलून आधीच करावी. राज्याबाहेर ५० हजारांहून अधिक किमतीचा माल पाठवताना ई-वे बिल लागते. ते ट्रक भरल्यावर नव्हे, त्याआधी काढावे.

सहा : पैसे गेले तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे तत्त्व घालून दिले की, चूक ग्राहकाची वा बँकेची नसून मधल्या व्यवस्थेची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान ग्राहकावर येऊ नये. जितका उशीर, तितका हक्क कमजोर.

कंपनीला आणि शासनाला प्रश्न

या झाल्या आपल्या हातातील गोष्टी. काही गोष्टी आपल्या हातात नाहीत, त्या विचारून घ्याव्या लागतील. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये उपग्रह-दळणवळण कंपन्यांवर सुरक्षेच्या जादा अटी घातल्या. भारतीय ग्राहकांची माहिती देशाबाहेर जाऊ नये, अशा स्वरूपाच्या त्या अटी आहेत. त्या देशाच्या सुरक्षेसाठी आहेत आणि त्या हव्यातच. ग्राहकाच्या बाजूने मात्र आणखी साधे प्रश्न उरतात. पेटी बंद पडली तर नवी किती दिवसांत मिळेल? दुरुस्तीचे केंद्र नागपुरात असेल की गडचिरोलीत? तक्रार मराठीत ऐकून घेतली जाईल काय? सेवा खंडित झाल्यास पैसे परत मिळतील काय? शाळा, दवाखाना आणि सेवा केंद्र यांच्यासाठी दुसरा मार्ग राखून ठेवला जाईल काय?

हे प्रश्न एकट्या दुकानदाराने विचारले तर त्यांना उत्तर मिळणार नाही. व्यापारी मंडळ आणि ग्रामसभा यांनी मिळून ते लेखी विचारावेत. असे विचारून हक्क मिळवण्याचे उदाहरण शोधायला धानोऱ्याबाहेर जाण्याचीही गरज नाही. जवळच मेंढा (लेखा) हे गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्याला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना दुसऱ्याच्याच हाती होता. बांबू आपला, विकता मात्र येत नाही, अशी अवस्था. गावाने नेट लावून धरला आणि एप्रिल २०११ मध्ये तो परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तेव्हा कुठे हक्काला किंमत आली.

छत्रीचेही असेच आहे. छपरावर ती बसली म्हणजे काम झाले असे नव्हे. तिची किल्ली कोणाकडे आहे, ती बंद पडली तर जबाबदार कोण आणि तोवर आपला व्यवहार कशावर चालणार, या तीन प्रश्नांची उत्तरे पहिला हप्ता भरण्याआधी मिळवावीत. तेंदूचा हंगाम सुरू झाल्यावर ती शोधायला सवड मिळत नाही.